मुखेड ते पंढरपूर: गावची पायी दिंडी कशी बांधावी

आळंदी-देहूच्या पालख्यांबरोबर चालणाऱ्याला पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याच्या गाड्या आणि पोलीस बंदोबस्त मिळतो. मुखेड, जळकोट, अहमदपूरच्या बाजूने निघणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांच्या दिंडीला असलं फारसं काही मिळत नाही. तिची सगळी तयारी तिलाच करावी लागते. म्हणून ही कृती अशा लहान दिंडीसाठी लिहितो आहे. मुखेडहून लातूर, तेर, बार्शी, कुर्डुवाडीमार्गे पंढरपूर हे अंतर पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरच्या घरात जातं. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे. आपली वाट थोडी लांब आहे, पण चालण्याजोगी आहे, आणि मराठवाड्याच्या माणसाने एकदा तरी ती चालावी असं मला मनापासून वाटतं.

तिथीपासून उलटं मोजा

आषाढी एकादशीच्या वीस दिवस आधी गाव सोडायचं. यात लातूरचा एक दिवस विश्रांतीचा आणि पाऊस, आजारपण यासाठी एक दिवस हातात राहतो. एकादशीच्या आदल्या दिवशी धापा टाकत पंढरपुरात पोचण्यापेक्षा अष्टमी-नवमीला पोचलेलं बरं. तोवर जागा मिळते, नंतर पाय ठेवायला ठाव राहत नाही.

इंग्रजी तारखेवर विसंबू नका. आषाढी 2023 ला 29 जूनला होती, 2024 ला 17 जुलैला, 2025 ला 6 जुलैला. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 25 जुलैला आहे, म्हणजे 5 जुलैला निघावं लागेल. आपल्या भागात हा फरक फार मोठा आहे. एकादशी लवकर आली की निघायची वेळ आणि मृगाच्या पेरणीची वेळ एकच होते. तिफण शेतात असताना कर्त्या माणसाला वारीला ओढून नेऊ नये. त्याने पेरणी आटोपून बार्शीला येऊन मिळावं, आणि दिंडीने त्याची जागा राखून ठेवावी. एकादशी उशिरा असेल त्या वर्षी सोयाबीन उगवून वर आलेलं असतं आणि घरचे मोकळ्या मनाने निरोप देतात. पहिल्यांदाच दिंडी काढणार असाल तर असं उशिराचं वर्ष निवडा.

मुक्काम आधी, माणसं नंतर

बहुतेक जण आधी नावं गोळा करतात, मग बॅनर छापतात आणि मुक्कामाचं शेवटच्या आठवड्यात बघू म्हणतात. क्रम नेमका उलटा हवा. चालण्याचं काम पाय करतात, पण दिंडी टिकते ती मुक्कामावर. रात्री कोरडी जमीन, पाणी, आडोसा आणि दिवा मिळाला की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा उभा राहतो.

जगातल्या दुसऱ्या एका मोठ्या पायवाटेचा अनुभव हेच सांगतो. स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेला या गावी संत याकोबाच्या समाधीला जाणारी वाट फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-झाँ गावापासून सुमारे 780 किलोमीटर आहे. मध्ययुगात गजबजलेली ही वाट पुढे ओस पडली होती. 1984 साली ओ सेब्रेइरो या डोंगरी गावच्या एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूंनी पिवळा रंग घेतला आणि फाट्याफाट्यावर बाण रंगवत गेले. वाटेवरच्या गावांनी स्वस्त धर्मशाळा उघडल्या. यात्रेकरू जवळ एक पुस्तिका ठेवतो, मुक्कामाच्या गावी तीवर शिक्का घेतो, आणि शेवटचे किमान शंभर किलोमीटर पायी आल्याचं त्या शिक्क्यांवरून दिसलं की त्याला प्रमाणपत्र मिळतं. 1993 साली युनेस्कोने ही वाट जागतिक वारशात घेतली. तिथे एकटा माणूसही बिनधास्त निघतो, कारण बाण आणि पलंग आधीच तयार आहेत. आपल्याकडे वाटेवर बाण नाहीत. आपण समूहाने चालतो आणि वाटेवरची गावं जेवू घालतात, ही आपली ताकद. पण त्या गावांना आधी कळवायला तर हवं.

तेव्हा दोन-तीन महिने आधी दोघा-तिघांनी मोटारसायकलवर पूर्ण वाट पालथी घालायची. बरोबर एक जाड वही. टप्पे साधारण असे पडतात: मुखेडहून जांब, मग शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर. पुढे मुरूड, ढोकी, तेर, येडशी, पांगरी, बार्शी. तिथून कुर्डुवाडी, लऊळ आणि पंढरपूर. जिथे दोन गावांतलं अंतर वीस किलोमीटरच्या पुढे जातं तिथे मधलं एखादं लहान गाव मुक्कामाला शोधा. पहिला टप्पा जांबपर्यंतच ठेवा. पहिल्या दिवशी सगळ्यांना उत्साह असतो आणि त्याच दिवशी पाय कामातून जातात.

प्रत्येक मुक्कामी जिल्हा परिषदेची शाळा, मंदिराचा सभामंडप, मंगल कार्यालय आणि ग्रामपंचायतीचं सभागृह, चारही बघा. शाळा उत्तम, कारण तिथे बहुधा नळ आणि शौचालय असतं. पण जून-जुलैत शाळा भरलेली असते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आत जायचं आणि सकाळी मुलं येण्याआधी झाडून-पुसून वर्ग मोकळे करायचे, हे मुख्याध्यापकांना तुम्हीच आधी सांगा. वहीत लिहा: किल्ली कोणाकडे, पाणी बोअरचं की नळाचं आणि किती वाजता येतं, छत गळतं का, वीज गेली तर काय, जवळचा सरकारी दवाखाना किती लांब. बायकांना अंघोळीला आणि शौचाला आडोसा कुठे, हा प्रश्न शेवटी नाही, पहिल्यांदा विचारा. दिंडीत निम्म्याहून अधिक बायका असतात आणि आडोशाच्या भीतीने त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, चक्कर सुरू होते. ज्या गावात आडोसा नाही तिथे मुक्काम करू नका, किंवा चार बांबू आणि ताडपत्री सोबत घ्या.

मग गावच्या सरपंचांच्या नावे लेखी पत्र द्यायचं: दिंडीचं नाव, माणसं किती, येण्याची तारीख, आम्हाला काय हवं आणि काय नको. तोंडी शब्दावर राहू नका, मधल्या काळात सरपंच बदलतात. पत्राची एक प्रत मुखेड पोलीस ठाण्यात आणि तहसीलला द्या, सोबत वारकऱ्यांची यादी, वय आणि घरचा फोन. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक गावाला पुन्हा फोन करायचा.

या वाटेवर काही मुक्काम नुसते झोपण्यासाठी नाहीत. तेरला गोरोबाकाकांचं मंदिर तेरणेच्या काठी आहे. हेच तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. आपण ज्या मुलखातून टाळ वाजवत जातो तिथे दोन हजार वर्षं माणसांची ये-जा आहे. तेरला दुपारपर्यंत पोचा. गोरोबाकाकांचं दर्शन, त्रिविक्रमाचं प्राचीन मंदिर आणि गावातलं लामतुरे वस्तुसंग्रहालय बघायला वेळ हवा. येडशीजवळ रामलिंगचा घाट आणि अभयारण्य आहे, तिथे रानात वाट सोडून फिरू नका. बार्शीत भगवंताचं दर्शन. कुर्डुवाडीच्या पुढे लऊळला कूर्मदासांचं स्थान आहे. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून लोळत निघाले, लऊळपर्यंत आले, आणि तिथे विठ्ठलच त्यांना भेटायला आला अशी कथा सांगतात. थकलेल्या दिंडीला पंढरपूरच्या तोंडाशी ही कथा कीर्तनात ऐकायला मिळावी, म्हणून लऊळचा मुक्काम चुकवू नका. सावता माळ्यांचं अरण वाटेपासून थोडं बाजूला पडतं. वेळ असेल तर जा, नसेल तर परतीला जा.

माणसं, भिशी आणि कामाची वाटणी

मुक्काम पक्के झाले की नावं घ्या. मुखेडच्या आसपास चालण्याची सवय असलेली माणसं शोधावी लागत नाहीत. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला पायी जाणारे आहेत, माळेगावच्या खंडोबाला चालत जाणारे आहेत. असे चार जण दिंडीत असले की नवख्यांना धीर येतो.

भिशी, म्हणजे प्रत्येकाची वर्गणी, किती घ्यायची ते खर्च मांडून ठरवा: शिधा, गॅस, गाडीचं भाडं आणि डिझेल, आचारी, औषधं, पंढरपूरची जागा. आलेल्या बेरजेत दहावा भाग अडीअडचणीसाठी मिळवा. ज्याला भिशी झेपत नाही त्याच्याकडून काम घ्या, पैसे नको. हिशेबाची वही रोज रात्री हरिपाठानंतर सगळ्यांसमोर वाचा. दिंड्या मोडतात त्या पायांनी नाही, हिशेबाने मोडतात.

एक विणेकरी, एक-दोन मृदंगवाले, टाळकरी, पुढे पताका, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका, हा नेहमीचा क्रम. त्याशिवाय चार कामं नेमून द्या: चोपदार (पुढची आणि मागची टोकं सांभाळणारा), पाण्याचा जिम्मेदार, औषधपेटीचा जिम्मेदार, आणि मुक्कामावर दोन तास आधी पोचणारी जोडी. सगळं दिंडीप्रमुखावर टाकलं तर पाचव्या दिवशी त्याचा आवाज बसतो.

सामानासाठी एक टेम्पो पुरतो. दमलेल्या माणसाला सामानाच्या टेम्पोत बसवू नका. त्यासाठी गावातली एक प्रवासी जीप ठरवा, ती दिंडीच्या मागे सावकाश यावी.

पाय सहा आठवडे आधी

मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरापासून पहाटे निघा आणि चालून परत या. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच किलोमीटर, मग दर आठवड्याला दोन-तीन वाढवत न्या. शेवटच्या आठवड्यात सलग दोन दिवस पंधरा-सोळा किलोमीटर चाला. सलग दोन दिवस हे महत्त्वाचं, कारण दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं.

नवी चप्पल वारीला नको. जी घालून सराव केला तीच न्यायची, आणि तिला मागे पट्टा हवा. दुसरा जोड टेम्पोत. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो कमी अंतराच्या वारीला फेडा. मधुमेह असलेल्याने अनवाणी एक पाऊलही टाकू नये, डांबर तापलं तरी त्याच्या तळव्याला कळत नाही.

अंगावर फार ओझं नको: पाण्याची बाटली, एक उपरणं, प्लॅस्टिकचा घोंगता, विजेरी, रोजच्या गोळ्या, ओळखपत्राची झेरॉक्स आणि घरच्या फोन नंबराची चिठ्ठी. वळकटी, दोन कपडे, मच्छरदाणी, ताट-तांब्या टेम्पोत. प्रत्येक पिशवीवर ठळक नाव लिहा.

रोजचा दिवस

पहाटे साडेतीनला उठणं, काकडा, चहा, साडेचार-पाचला वाटेला लागणं. ऊन चढायच्या आत दहा-बारा किलोमीटर झाले पाहिजेत. जुलैतही आपल्याकडे पाऊस दडी मारतो आणि दुपारी अंग भाजतं. वद्य पक्षात निघाल्यामुळे सुरुवातीला पहाटे आभाळात चंद्र असतो. अमावस्येनंतर पहाट काळोखी असते, तेव्हा विजेऱ्या आणि चमकणाऱ्या पट्ट्या काढा.

लातूर ते बार्शी हा रस्ता ट्रकांचा आहे. दिंडी रस्त्याच्या एकाच कडेने, दोघा-दोघांच्या रांगेत. पुढे आणि मागे शंभर पावलांवर लाल झेंडी आणि चमकणारं जाकीट घातलेला माणूस. मागे पडलेला एकटा माणूस उजव्या कडेने चालेल, म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसेल. अभंगात दंग झालेल्या टाळकऱ्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून चोपदाराचं ऐकायचं हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. जवळचा गाडीरस्ता किंवा पांदण समांतर जात असेल आणि चिखल नसेल तर तीच धरा. दोन किलोमीटर वाढले तरी चालतील.

आठ-नऊला न्याहारी आणि अर्ध्या तासाचा विसावा. विसाव्याला चप्पल काढून पाय उंचावर ठेवून पडायचं. दुपारी जेवण, मग दोन-तीन तास सावली. संध्याकाळी उरलेलं अंतर, मुक्काम, हरिपाठ, जेवण, कीर्तन. कीर्तन दहाला संपवा. गावकरी आग्रह करतील, पण पहाटे चालणारी माणसं झोपली पाहिजेत.

पाणी आणि शिधा

2016 च्या एप्रिलात दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी या मार्गाने. तो मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा: बार्शी-कुर्डुवाडी 1897 साली, पंढरपूर 1906 ला, लातूर 1911 ला. अनेक पिढ्या मराठवाड्याचे वारकरी त्या लहान गाडीने पंढरीला गेले. आपण चालतो तो याच पट्ट्यातून, आणि इथे पाणी गृहीत धरता येत नाही. माणशी प्यायला चार लिटर, स्वयंपाक आणि हातपाय धुण्यासह वीस लिटर धरा. पन्नास माणसांना रोज हजार लिटर. म्हणून हजार लिटरची टाकी टेम्पोवर किंवा वेगळ्या गाडीवर हवी. पिण्याच्या पाण्याचे जार वेगळे, त्यांत क्लोरीनच्या गोळ्या.

जेवण हलकं आणि रोजचंच ठेवा. माणशी दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम पीठ लागतं. भाकरी थापायला वेळ जातो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा धपाटे करा. ते सकाळचे दुपारपर्यंत चालतात. येसर घरून करून न्या. पाणी उकळलं की पंधरा मिनिटांत आमटी होते आणि सगळ्यांच्या पोटाला मानवते. शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे प्रत्येकाच्या खिशात. वाटेवरची गावं पंगत घालतील, ती प्रेमाने घ्या, पण सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलेला भात, बासुंदी, खीर नम्रपणे नाकारा. पन्नास माणसांना एका रात्रीत जुलाब झाले तर दिंडी तिथेच संपते. जलसंजीवनीची पाकिटं ठेवाच. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

फोड, साप, वीज

पहाटे निघताना बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. एखादी जागा चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, मुक्कामापर्यंत वाट पाहू नका. फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी सोलू नका, मलम लावून गॉजने झाका. बिब्बा लावायचा सल्ला हमखास मिळेल. लावू नका, कातडी भाजते आणि दहा दिवस चालणं बंद होतं. रात्री सगळ्यांचे पाय औषधपेटीवाल्याने विजेरीत बघायचे, म्हाताऱ्यांचे आणि मधुमेहींचे आधी.

सापाची भीती चालताना कमी आणि झोपताना जास्त. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंश कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा पथारीखाली चारही बाजूंनी खोचा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दंशाची शंका जरी आली तरी कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. तो भाग हलू देऊ नका, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशावरच्या कामासाठी ओळखले जातात. ज्या गावात असे डॉक्टर आहेत तिथल्या दिंडीने सर्पदंशात एकही चूक करू नये.

जून-जुलैत मराठवाड्यात वीज पडून माणसं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. ढग गडगडायला लागले की पताका आडव्या करा, लोखंडी नळीच्या पताका मुळातच नकोत, बांबूच्या घ्या. झाडाखाली गर्दी करू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. माळावर अडकलात तर एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसा, पाय जुळवून, आडवे पडू नका.

पंढरपुरात

राहण्यासाठी चंद्रभागेपलीकडच्या 65 एकर परिसरात दिंड्यांना तंबूची जागा देतात. तिच्यासाठी प्रशासनाकडे आधीच अर्ज करा. मठात ओळख असेल तर उत्तम, पण माणसांचा आकडा खरा सांगा. चंद्रभागेचं पाणी चढलेलं असेल तर काठावरच हातपाय धुवा, पात्रात उतरू नका. नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी हे सगळ्यांना जमतं. पदस्पर्श दर्शनाची रांग आषाढीला चोवीस तासांच्याही पुढे जाते. इतके दिवस चाललेल्या सत्तरीच्या माणसाला त्या रांगेत उभं करू नका. त्याला मुखदर्शन किंवा कळसदर्शन घडवा. कळस पाहून परतणं ही वारकऱ्यांची जुनीच रीत आहे. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की वारी पूर्ण होते. परतीची गाडी त्याच संध्याकाळची ठरवा, आणि कोणालाही एकट्याने परत जाऊ देऊ नका.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत मुक्कामाची वही पुन्हा लिहून काढा: कुठे पाणी आटलं, कुठल्या शाळेचं छत गळलं, कोणत्या गावाने आपुलकीने जेवू घातलं. प्रत्येक गावाला आभाराचं पत्र पाठवा. ती वही कुलपात ठेवू नका. कंधार, देगलूर, नायगावच्या ज्या गावाला पुढच्या वर्षी दिंडी काढायची असेल त्याला तिची झेरॉक्स स्वतःहून नेऊन द्या.